बदली असेल तर राजीनामा कशाला?

वाचक लिहितात:

मी ४३ वर्षांची आहे, मोशीला राहते. सप्टेंबर २००९ पासून चाकण एमआयडीसीतल्या एका कंपनीत परमनंट आहे. कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते, मालकी ब्रिटनमधल्या एका समूहाकडे आहे. माझं पद सीनिअर एक्झिक्युटिव्ह, मटेरियल प्लॅनिंग. गेल्या महिन्यात 'रिस्ट्रक्चरिंग' जाहीर झालं. आमच्या विभागातली सातपैकी चार पदं 'रिडंडंट', म्हणजे गरज नसलेली, ठरवली, त्यात माझं आहे. त्याच कामावर २०२१ ला लागलेली एक मुलगी मात्र राहिली. मला समूहाच्याच दुसऱ्या कंपनीत, रांजणगावला, व्हेंडर कोऑर्डिनेटर म्हणून जागा देऊ केली आहे. पगार आत्ताच्या ४८,००० ऐवजी ४३,०००, शिवाय सहा महिने प्रोबेशन. त्यासाठी आधी इथला राजीनामा पोर्टलवर टाकायचा. एचआर म्हणतात, 'योग्य पर्यायी नोकरी दिलेली असताना ती नाकारली तर भरपाईचा हक्क जातो.' त्यांनी पॉलिसीची पीडीएफ पाठवली, त्यात खरंच तसं लिहिलंय. ज्या सहकाऱ्यांना पर्याय मिळाला नाही त्यांना बेसिकवर भरपाई देतायत. तशी माझी काढली तर १,५२,००० होते, असं तोंडी सांगितलं. कारखान्यात परमनंट कामगार साधारण २२० आहेत. मिस्टरांचं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे, सध्या कामं कमी. मुलगा दहावीत. सासूबाई म्हणतात, हातची नोकरी सोडू नकोस. एचआरला शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. काय करू? सोबत पगाराची स्लिप जोडली आहे. मार्चअखेर माझी सोळा वर्षं सात महिने पूर्ण होतील.

उत्तर:

ताई, रांजणगावला जायचं की नाही ते नंतर बघू. आधी एक गोष्ट पक्की करा: पोर्टलवर राजीनामा टाकायचा नाही. एचआरनं आग्रह केला, मॅनेजरनं 'फॉर्मॅलिटी आहे हो' म्हटलं, तरीही नाही.

कारण साधं आहे. पद कंपनीनं बंद केलं म्हणून तुम्हाला जावं लागत असेल तर कायद्याच्या भाषेत ती कामगार कपात, आणि कपातीला भरपाई आहे. तुम्ही स्वतः राजीनामा दिलात तर ती कपात राहतच नाही. मग ग्रॅच्युइटी मिळेल, पीएफ मिळेल, रजेचे पैसे मिळतील, पण सोळा-सतरा वर्षांच्या भरपाईवर तुम्ही स्वतःच्या बोटानं पाणी सोडलेलं असेल. त्या पोर्टलवरचा कारणाचा रकाना एकदा उघडून पाहा, सबमिट न करता. यादीत 'वैयक्तिक कारण', 'उच्च शिक्षण', 'अधिक चांगली संधी', 'प्रकृती' असं सगळं सापडेल. 'कंपनीनं माझं पद बंद केलं' हा पर्याय मला तरी आजवर कुठल्या पोर्टलवर दिसलेला नाही. म्हणजे पुढे कधी कोर्टात गेलात तर समोरचा वकील हेच पान काढून दाखवणार: बाईंनी 'वैयक्तिक कारणा'साठी नोकरी सोडली.

(दुसऱ्या कुणी वाचकानं असा राजीनामा टाकून ठेवला असेल आणि शेवटची तारीख अजून यायची असेल, तर तो लेखी मागे घेता येतो. राजीनामा अंमलात येण्याआधी मागे घेण्याचा मार्ग साधारणपणे खुला असतो, कंपनीच्या नियमांत वेगळं काही नसेल तर. पण ते आज करायचं, पुढच्या आठवड्यात नाही.)

आता ती पीडीएफ. एचआरनं तुम्हाला खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी जे सांगितलं ते खरं आहे, फक्त ते ब्रिटनमध्ये. तिथल्या १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स अॅक्टमध्ये अशी तरतूद आहे की मालकानं योग्य पर्यायी काम देऊ केलं आणि कामगारानं ते वाजवी कारण नसताना नाकारलं, तर कायद्यानं मिळणारी रिडंडन्सीची रक्कम जाते. त्याच कायद्यात नवीन काम चार आठवडे करून बघण्याची मुदतही आहे. रक्कम आठवड्याच्या पगारावर ठरते: बावीसच्या आतल्या वयातल्या नोकरीच्या प्रत्येक वर्षाला अर्धा आठवडा, बावीस ते चाळीसपर्यंत एक, एक्केचाळीसपासून दीड, आणि जास्तीत जास्त वीस वर्षं धरतात. मुळात दोन वर्षं नोकरी झालेली असावी लागते. तुमच्या पीडीएफमध्ये हे आकडे किंवा त्या चार आठवड्यांचा उल्लेख सापडतो का बघा. सापडला तर मुख्य कार्यालयाचा कागद चाकणच्या लेटरहेडवर चिकटवला आहे हे उघड झालं.

चाकणला मात्र भारताचा कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा तिच्यात विरघळला. कपातीचा गाभा तोच राहिला आहे. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला काढायचं तर एक महिन्याची लेखी नोटीस, तिच्यात कारण, किंवा नोटिशीऐवजी महिन्याचा पगार. नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून, आणि सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा. सरकारला कळवायचं. आणि भरपाई कपातीच्या वेळीच हातात पडायला हवी. 'पुढच्या पेरोलला येईल' हे उत्तर चालत नाही. पर्यायी नोकरी नाकारली म्हणून ही भरपाई बुडते, असं या कलमात कुठेही नाही.

मग एचआरच्या डोक्यात हे इतकं पक्कं कुठून बसलं? पीडीएफ हे एक कारण. दुसरं असं की आपल्या कायद्यात पर्यायी काम नाकारण्याची एक तरतूद आहे, पण ती ले-ऑफसाठी. म्हणजे कच्चा माल नाही, वीज नाही, मशीन बंद आहे, म्हणून कामगाराला तात्पुरतं बसवून ठेवतात तेव्हा. त्या काळात त्याच मालकाच्या त्याच किंवा जवळच्या, सुमारे आठ किलोमीटरच्या आतल्या कारखान्यात, त्याच पगारावर, वेगळं कौशल्य लागणार नाही असं काम दिलं आणि कामगारानं नाकारलं, तर ले-ऑफची भरपाई मिळत नाही. तुमचं पद कायमचं बंद झालंय, पगार पाच हजारांनी कमी आहे, मालक वेगळा आहे, आणि रांजणगाव चाकणपासून आठ किलोमीटरवर आणायचं तर नकाशाच दुमडावा लागेल. यातली एकही अट तुम्हाला लागू नाही.

एचआरला एक प्रश्न लेखी विचारा: हे पत्र बदलीचं आहे की नव्या नेमणुकीचं? सगळी मेख इथे आहे.

बदली असेल तर नोकरी तीच, मालक तोच, सप्टेंबर २००९ ची तारीख तीच, फक्त बसायची जागा बदलली. मग राजीनामा कशाला? प्रोबेशन कशाला? सोळा वर्षं काम केलेल्या बाईला पुन्हा सहा महिने पारखायचं काय आहे? आणि हे दोन्ही मागितलं जात असेल तर ती बदली नाही. ती जुनी नोकरी संपवून दुसऱ्या कंपनीत शून्यापासून सुरुवात आहे. समूह एक असला, लोगो सारखा असला, दिवाळीची मिठाई एकाच दुकानातून येत असली, तरी कायद्याच्या नजरेत त्या दोन वेगळ्या कंपन्या. नोकरीचा करार कामगाराच्या संमतीशिवाय एका मालकाकडून दुसऱ्याकडे ढकलता येत नाही. कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधला फिलिप्सचा टीव्ही कारखाना व्हिडिओकॉन समूहाकडे गेला, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली हेच सांगितलं: संमती नसेल तर कामगाराला दुसऱ्या व्यवस्थापनाखाली काम करायला भाग पाडता येत नाही, आणि अशा वेळी त्याला कायद्याप्रमाणे भरपाई मिळायला हवी.

इथे एक खाचखळगा आहे, तो तुमच्या बाजूचा नाही, म्हणून आधीच सांगतो. २००९ चं अपॉइंटमेंट लेटर काढा. बहुतेक पत्रांत पाचव्या-सहाव्या कलमाच्या आसपास बदलीची ओळ असते. 'कंपनीच्या कोणत्याही शाखेत, कारखान्यात किंवा विभागात' इतकंच लिहिलं असेल तर दुसरी कंपनी त्यात येत नाही. पण 'समूहातील किंवा संलग्न कोणत्याही कंपनीत' असं असेल आणि खाली तुमची सही असेल, तर कंपनी म्हणू शकते की संमती तुम्ही सोळा वर्षांपूर्वीच दिली होती. तसं झालं तर 'मी जाणार नाही' एवढं म्हणून घरी बसू नका. बदलीचा हुकूम मोडला म्हणून गैरवर्तनाची नोटीस येते आणि भरपाईचा विषय बाजूलाच राहतो. अशा वेळी उत्तर वेगळं द्यायचं: 'बदली असेल तर पगार, सेवेची तारीख आणि अटी कायम ठेवून हुकूम द्या.' मग राजीनामा आणि प्रोबेशन त्यांनाच मागे घ्यावं लागेल.

आता अवघड भाग. ही भरपाई कायद्यानं 'कामगारा'ला मिळते, प्रत्येक नोकरदाराला नाही. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे बाहेर. सुपरवायझरी काम करणाऱ्यांपैकी ज्यांचा पगार महिना १८,००० च्या वर आहे, तेही बाहेर. कंपनी तुमच्या 'सीनिअर एक्झिक्युटिव्ह'कडे बोट दाखवणार हे नक्की. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात गेल्या पंधरा वर्षांत क्लार्क हे पदच नामशेष झालंय, सगळे एक्झिक्युटिव्ह झालेत, आणि मला नेहमी वाटतं की त्यातला निम्मा उत्साह याच कलमासाठी होता. पण न्यायालयं पाटीवरचं नाव बघत नाहीत, मुख्य काम काय ते बघतात. १९९४ च्या एस. के. मैनी विरुद्ध करोना साहू या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं आहे. गंमत अशी की त्या खटल्यात दुकानाचा मॅनेजर हरला, कारण त्याचं काम खरोखर मॅनेजरचं होतं. पाटी दोन्ही बाजूंनी कामाची नाही.

तेव्हा स्वतःला विचारा. तुमच्या हाताखाली कुणी आहे का? असेल तर त्याची रजा कोण मंजूर करतं? अप्रेझलचा पहिला शेरा कोण लिहितं? सॅपमध्ये, म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये, पर्चेस ऑर्डर तुम्ही बनवता, पण ती रिलीज, म्हणजे मंजूर, कोण करतं? व्हेंडर बदलायचा निर्णय तुमचा की तुम्ही फक्त तुलनेचा तक्ता करून वर पाठवता? महिन्याचं शेड्यूल भरणं, स्टॉक जुळवणं, व्हेंडरच्या मागे लागणं, ट्रक कुठे अडकलाय ते विचारणं, हे दिवसभराचं काम असेल आणि 'रिलीज'चं बटण मॅनेजरच्या लॉगिनला असेल, तर पगार ४८,००० असला तरी तुम्ही कामगार ठरू शकता. १८,००० ची मर्यादा फक्त सुपरवायझरी कामाला आहे, कारकुनी किंवा तांत्रिक कामाला नाही. ही गोष्ट एचआरमधल्या अनेकांनाही माहीत नसते.

याचे पुरावे आत्ता, लॉगिन चालू आहे तोवर गोळा करा. तुमच्या रजेचे अर्ज, 'कृपया अप्रूव्ह करा' असे तुम्ही वर पाठवलेले मेल, जॉब डिस्क्रिप्शन, पगारवाढीची पत्रं. मात्र व्हेंडरचे दर, ड्रॉइंग, कॉस्टिंगच्या शीट्स यातलं काहीही स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. त्यावरून चोरीचा ठपका ठेवून काढलं तर आपण आयतं कोलीत हातात दिल्यासारखं होईल. स्वतःसंबंधीचे कागद छापून घ्या, बास.

तुम्ही कामगार ठरला नाहीत तर? मग अपॉइंटमेंट लेटरमधला नोटीस पीरियड, ग्रॅच्युइटी, रजा, आणि कंपनीची पॉलिसी. आणि इथे ती ब्रिटिश पीडीएफ तुमच्या उपयोगाची आहे. कंपनीनं स्वतःहून लेखी पाठवलेली पॉलिसी आहे, तिच्यात दर वर्षामागे अमुक आठवड्यांचा पगार असं लिहिलं असेल तर 'हे आम्हाला लागू नाही' असं त्यांना म्हणता येणार नाही. तुम्हाला नुकसानीची ओळ लागू आणि फायद्याची नाही, हे कसं चालेल? तेव्हा ती फाइल जपून ठेवा, ज्या मेलबरोबर आली त्या मेलसकट.

आता पैसे. तुमच्या स्लिपवर बेसिक आणि डीए मिळून १९,०००, घरभाडे भत्ता ९,५००, कन्व्हेयन्स ३,००० आणि स्पेशल अलाउन्स १६,५००. एचआरनं १९,००० चे निम्मे ९,५०० धरून सोळानं गुणलं, म्हणून १,५२,०००. यात दोन चुका आहेत. एक, सात महिन्यांचा तुकडा सहा महिन्यांच्या वर आहे, म्हणून वर्षं सतरा. दोन, नव्या कामगार संहितांमध्ये पगाराची व्याख्या बदलली आहे. घरभाडे, कन्व्हेयन्स, पीएफचा कंपनीचा वाटा अशा काही ठरावीक गोष्टी पगारातून वगळतात, पण वगळलेली बेरीज एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त झाली तर वरचा भाग पुन्हा पगारात धरावा लागतो. म्हणजे तुमच्या बाबतीत काहीही झालं तरी पगार २४,००० च्या खाली जात नाही. त्याचे निम्मे १२,०००, गुणिले सतरा, २,०४,०००.

माझं मत विचाराल तर त्याच्याही वर मागायला जागा आहे. वगळायच्या यादीत 'स्पेशल अलाउन्स' नावाची गोष्टच नाही. कामासाठी होणारा विशेष खर्च भागवायला दिलेली रक्कम वगळता येते, पण दर महिन्याला सरसकट मिळणारे १६,५०० हा कोणता खर्च? ते धरले तर पगार ३५,५००, पंधरा दिवसांचे १७,७५०, आणि भरपाई ३,०१,७५०. कंपनी हे सहजासहजी मान्य करणार नाही. पण बोलणी १,५२,००० पासून सुरू करायची की ३,०१,७५० पासून, हे तुमच्या हातात आहे.

ग्रॅच्युइटी यात धरू नका, ती वेगळी. राजीनामा दिला काय आणि कपात झाली काय, पाच वर्षं झाली की ती मिळतेच, मॅनेजरलाही मिळते. तिथे महिना सव्वीस दिवसांचा धरतात, कपातीच्या भरपाईत मात्र पंधरा दिवस म्हणजे अर्धा महिना. २४,००० पगारावर सतरा वर्षांची ग्रॅच्युइटी साधारण २,३५,००० होते. एचआर अनेकदा दोन्ही एकत्र करून 'एकूण पॅकेज' म्हणून मोठा आकडा दाखवतं, तेव्हा प्रत्येक ओळ वेगळी लिहून मागा: नोटीस, कपातीची भरपाई, ग्रॅच्युइटी, रजा, बोनसचा हिस्सा. नव्या संहितेत आणखी एक रक्कम आली आहे. कपात झालेल्या कामगारासाठी मालकानं पंधरा दिवसांचा शेवटचा पगार री-स्किलिंग फंडात भरायचा आणि तो कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा. तुमच्याकडे ते किमान १२,००० होतील. तुमच्या सहकाऱ्यांच्या हिशोबात ही ओळ आहे का, विचारा. शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. कपातीच्या भरपाईवर ५ लाखांपर्यंत, कायद्याच्या हिशोबात बसेल तेवढ्या रकमेला, आयकर लागत नाही. त्यावर टीडीएस कापला असेल तर विचारा का कापला. पीएफ काढू नका, नवीन खात्यात वळवा.

२०२१ ला लागलेल्या मुलीबद्दल. तिच्याविषयी मनात काही ठेवू नका, तिनं काही केलेलं नाही. पण नियम असा आहे की एकाच प्रकारच्या कामातून कपात करताना साधारणपणे शेवटी आलेला आधी जातो, आणि हा क्रम मोडायचा तर मालकानं कारण नोंदवावं लागतं. ते कारण लेखी मागा. तिला एखादं सॉफ्टवेअर येतं आणि तुम्हाला येत नाही, असं खरंच असेल तर ते कदाचित टिकेल. 'तिचा पगार कमी आहे' हे टिकायला कठीण. शिवाय कपातीनंतर वर्षभरात त्या कामासाठी कुणाला घ्यायचं झालं तर आधी तुम्हाला विचारावं लागेल. तुमच्या कारखान्यात कामगार ३०० पेक्षा कमी असल्यानं कपातीआधी सरकारची परवानगी घ्यावी लागत नाही, त्यामुळे त्या दिशेनं फार आशा ठेवू नका. जुन्या कायद्यात ही मर्यादा १०० होती. तेव्हाचं कुणी काही सांगत असेल तर आता ते लागू नाही.

मग रांजणगावला जावं का? सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. घरात दहावीचा मुलगा आणि वर्कशॉपला काम नाही, अशा वेळी दर महिन्याला येणारे ४३,००० ही मोठी गोष्ट आहे. पण मोशीहून चाकण, तिथून शिक्रापूरचा रस्ता आणि पुढे नगर हायवे, हा प्रवास तुम्ही एकदा सकाळी कंपनीच्या वेळेला करून पाहा. त्या चाकण-शिक्रापूर रस्त्यावर कंटेनरच्या मागे अडकलेला माणूस घड्याळ बघायचं सोडून देतो. कंपनीची बस आहे का, मोशीपर्यंत येते का, जनरल शिफ्ट किती वाजता सुटते, हे पगाराइतकंच महत्त्वाचं आहे. पाच हजार कमी, वर येण्याजाण्याचा खर्च, आणि दिवसाचे तीन-चार तास.

मला विचाराल तर आत्ता आहे त्या रूपात ही ऑफर घेऊ नका. दोन रूपांत घेता येईल. एक, सेवा सप्टेंबर २००९ पासून सलग धरली जाईल, प्रोबेशन नाही, पगार ४८,०००, शिल्लक रजा पुढे, आणि पुढे कधी कपात झाली तर भरपाई व ग्रॅच्युइटी २००९ पासूनची नवी कंपनी देईल, हे दोन्ही कंपन्यांच्या सहीनं एका कागदावर. मग राजीनामा लागत नाही आणि भरपाईही मागायची नाही, कारण तुमचं काही तुटलेलं नाही. दोन, इथला पूर्ण हिशोब, कपातीची भरपाई धरून, घ्या आणि मग तिथे नव्यानं लागा. प्रोबेशन असू दे, सतरा वर्षांचे पैसे बँकेत आहेत. तिसरं रूप, म्हणजे इथे शून्य आणि तिथेही शून्य, हे तुमच्यापुढे ठेवलेलं आहे. प्रोबेशनमध्ये पाचव्या महिन्यात नारळ दिला तर तुमच्या हातात सांगायला काय उरेल?

कंपनी दुसऱ्या रूपाला 'व्हीआरएस' म्हणू लागली तर सही करण्याआधी थांबा. स्वेच्छानिवृत्ती ही कपात नाही, भरपाईचा कायदा तिला लागत नाही, जे देतील ते योजनेप्रमाणे. आणि तिच्या आयकर सवलतीत एक अट असते की माणूस त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत नोकरीला लागता कामा नये. रांजणगावला जायचं असेल तर ती सवलत तुमच्या कामाची नाही.

शुक्रवारी तोंडी काही बोलण्याआधी, बुधवारी किंवा गुरुवारी हा मेल पाठवा, एचआरला आणि मॅनेजरला. भाषा गोड ठेवा, चिडून लिहिलेला मेल कोर्टात आपल्यालाच वाचून दाखवतात:

'रांजणगाव येथील प्रस्तावाबद्दल आभारी आहे. मी तो नाकारलेला नाही. निर्णय घेण्यासाठी पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात. हा प्रस्ताव बदलीचा आहे की नव्या नेमणुकीचा. सप्टेंबर २००९ पासूनची माझी सेवा सलग धरली जाणार का. राजीनाम्याची आवश्यकता कोणत्या कारणाने आहे. पर्यायी नोकरी न स्वीकारल्यास कपातीची भरपाई मिळणार नाही, हे कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमानुसार. माझ्या श्रेणीची ज्येष्ठता यादी आणि माझे पद निवडण्याचे कारण. माझ्या भरपाईचा तपशीलवार हिशोब. मी राजीनामा देत नाही आणि कामावर हजर राहण्यास तयार आहे.'

'मी तो नाकारलेला नाही' आणि शेवटची ओळ, ही दोन वाक्यं गाळू नका. उत्तर नाही आलं तरी चालेल. तुम्ही विचारलं होतं आणि त्यांनी सांगितलं नाही, हेही पुढे उपयोगी पडतं.

कपातीचं पत्र हातात आलं तर घ्या. न घेता परत पाठवल्यानं काही साधत नाही, ते पोस्टानं किंवा मेलनं येतंच. पोच देताना सहीच्या वर 'मिळाले, मान्य नाही' आणि तारीख लिहा. पैसे खात्यात आले तर येऊ द्या, आणि त्याच दिवशी मेल करा की रक्कम हक्क राखून स्वीकारली आहे. 'माझी कंपनीकडे कोणतीही मागणी शिल्लक नाही' असं छापलेल्या कागदावर हिशोब पटेपर्यंत सही नको. अनुभवपत्र किंवा रिलीव्हिंग लेटर अडवून सही मागतात, हा जुना डाव आहे. तेही मेलवर मागा आणि अडवल्याची नोंद राहू द्या.

तरीही जमलं नाही तर वाकडेवाडीला कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. वकील नसला तरी चालतो. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं, आणि त्यासाठी कपातीपासून दोन वर्षांची मुदत आहे. पूर्वी तीन होती, म्हणून जुन्या मंडळींच्या भरवशावर थांबू नका. वकिलाची फी हा प्रश्न असेल तर शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे पुण्यातल्या किती जणींना माहीत असतं, देव जाणे. कोर्टात गेल्यावर नोकरीच परत मिळेल अशी खात्री मी देणार नाही. हल्ली न्यायालयं पुन्हा कामावर घ्या म्हणण्यापेक्षा रक्कम वाढवून देण्याकडे झुकतात, आणि त्यालाही वर्षं लागतात. म्हणून समेटाच्या टेबलावर चांगला आकडा मिळाला तर तो घेण्यात कमीपणा नाही.

तुमच्या त्या तीन सहकाऱ्यांनाही भेटा. त्यांना बेसिकवर हिशोब दिलाय, म्हणजे त्यांचेही पैसे कमी काढले आहेत. चौघांनी एकाच दिवशी तोच मेल पाठवला तर एचआर तो वरच्या कार्यालयात पाठवतं, एकटीचा मेल तिथेच पडून राहतो.

अपॉइंटमेंट लेटरमधली बदलीची ओळ जशी आहे तशी, एकही शब्द न बदलता मला लिहून पाठवा, आणि पर्चेस ऑर्डर कोण रिलीज करतं तेही. शुक्रवारच्या आत पाठवलंत तर मेलमध्ये काय बदलायचं ते सांगतो.